न मागण्याचे दिवस

काल आगमनाचा पहिला रविवार होता. आमच्याकडे चर्चला अजून देऊळच म्हणतात. तर देवळात वेदीवर जांभळं वस्त्र आलं, चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटली आणि पाळकसाहेबांनी दरवर्षीप्रमाणे सांगितलं, की नाताळपर्यंतचे हे आठवडे वाट पाहण्याचे आहेत. घरी आल्या आल्या मी जाहीर करून टाकलं, "आजपासून आपल्याकडे मागणं बंद."

माझी मुलगी रिया दुसरीत आहे. तिने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. देवाकडेसुद्धा नाही."

"और सांता?"

"सांताकडे तर नाहीच नाही."

तेव्हा मात्र मोबाइल खाली ठेवला गेला. "मम्मा, ये तो चीटिंग है यार," म्हणत ती न्याय मागायला बापाकडे गेली. बाप सोफ्यावर मॅच बघत होता. त्याने दोन्ही हात वर केले. हे त्याच्या सासरकडचं प्रकरण आहे आणि सासरकडच्या प्रकरणांत तो सहसा पडत नाही.

नियम खरं तर माझ्या बाबांचा. कल्याणला चिकणघरमधल्या आमच्या दोन खोल्यांत तो माझ्या जन्माआधीपासून नांदत होता. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांच्या वेळी इकडे आलेले. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिवसभर खिडकीपलीकडून माणसं काही ना काही मागत असायची. हातमोजे द्या, वॉशर द्या, झाडू द्या, कालच द्यायला हवा होता. बाबा म्हणायचे, "एका पाळीत मला एवढा वैताग येतो, तर त्याचं काय होत असेल? त्याची खिडकी तर रात्रंदिवस उघडी." म्हणून वर्षातून निदान आगमनाच्या दिवसांत आपण त्या खिडकीशी जावं आणि काही न मागता नुसतं, मिळालं हो, उपकार झाले, एवढंच सांगून परत यावं. हे बाबांचं धर्मशास्त्र. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि देवळातल्या कुठल्या प्रवचनात मी ते कधी ऐकलं नाही.

संध्याकाळी जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची. सतरंजी अंथरायची, टीव्ही बंद, आणि प्रत्येकाने त्या दिवशी मिळालेल्या एका गोष्टीबद्दल उपकार मानायचे. गोष्ट त्याच दिवसाची हवी. शिळा उपकार चालायचा नाही. शिवाय ती कुणाच्या हातून आली, त्या माणसाचं नाव घ्यायचं. 'अन्नवस्त्राबद्दल, आरोग्याबद्दल' असं कुणी घाऊक बोलायला लागलं की बाबा एक डोळा उघडायचे. "कुणी दिलं?" मग आठवावं लागे. पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ आलं, म्हणजे वॉचमनने पंप वेळेवर लावला. मग वॉचमनचं नाव माहीत असावं लागे. ते माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावं लागे. आमच्या इमारतीतल्या सगळ्या वॉचमनांची, कचरा नेणाऱ्या बायांची, शाळेतल्या शिपायांची नावं मला पाठ होती. त्यात माझा चांगुलपणा काहीच नव्हता. बाबांच्या त्या एका उघड्या डोळ्याची भीती होती.

माझा मोठा भाऊ सुधीर, म्हणजे दादा, या कामात पहिल्यापासून वाकड्यात शिरणारा. पाचवीत असताना त्याने एकदा गंभीरपणे प्रार्थना केली, की आज गणिताचे सर आले नाहीत, त्यांच्या घशाचे उपकार. बाबांनी दोन्ही डोळे उघडले. म्हणाले, "घसा दुखतोय त्यांचा आणि उपकार मानतोस तू. दुसरं काहीतरी सांग." आणखी एकदा दादाने मुद्दा काढला, की जेवणाआधी प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकरी मागतोच की, मग नियम मोडला नाही का? बाबा म्हणाले, "ते मागायला त्यानेच शिकवलंय. आपल्या मनाचं काही मागायचं नाही." दादाचं त्याने समाधान झालं नाही. ज्याचं उत्तर मिळत नाही ते तो सोडून द्यायचा नाही. हा स्वभाव बाबांचाच, पण ते दोघांनाही कधी मान्य नव्हतं.

देवाकडे मागायचं नाही, एवढाच नियम होता. तो ताटापर्यंत कसा आला ते आता कुणाला सांगता येत नाही. बहुतेक आम्हीच मुलांनी चेष्टेत ताणला असेल. आगमनात जेवताना मीठ मागायचं नाही, भाजी मागायची नाही, 'आई, पाणी' म्हणून हाक मारायची नाही. सुरुवातीला आम्ही नुसतेच हसायचो. दादा मिठाच्या बरणीकडे बघून मोठमोठे उसासे टाकायचा. पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली. मागता येत नाही म्हटल्यावर सगळेच एकमेकांच्या ताटात बघायला लागले. बाबांचा भात कोरडा झाला की माझा हात आमटीच्या वाटीकडे आपोआप जायचा. दादाला कांदा आवडतो, पण तो उठून आणणार नाही, हे आईला माहीत होतंच, आता मलाही कळायला लागलं. आणि आई, जी वर्षभर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं घेऊन बसायची, तिच्या ताटात त्या दिवसांत पहिली गरम पोळी पडायची. ती आमच्यातलं कुणीतरी टाकायचं. ती एकेक तुकडा मोडून खायची. एवढं सावकाश खाताना मी तिला एरवी पाहिलेलं नाही.

शेजारच्या भोईर काकू इथल्याच, चिकणघरच्या आगरी. एकदा आम्ही जेवत असताना त्या विरजण मागायला आल्या, आणि दादाने त्यांना गंभीरपणे सांगितलं की काकू, सध्या आमच्याकडे मागत नाहीत. काकू दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कशाला रं, मागाला काय झाला?" आईने हसत हसत सगळं समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा देव बरा हाय गो. आमचं तं मागून मागून त्वांड दुखतंय." विरजण घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नाताळपर्यंत काकूंनी आमच्याकडे काही मागितलं नाही. उलट मध्येच कधीतरी सोललेल्या वालांचं पातेलं दारात ठेवलेलं असायचं, नुसतीच बेल वाजायची.

तुम्हाला वाटेल मी थंडीबद्दल लिहीन. कल्याण-डोंबिवलीत थंडी अशी पडत नाही. स्वेटर घालतात ते रिक्षावाले आणि शाळेतली लहान मुलं. पण हवा जड होते आणि एमआयडीसीचा तो आंबूस, औषधी वास संध्याकाळी खाली उतरतो. लोक नाक मुरडतात. मला मात्र तो वास आला की नाताळ जवळ आल्यासारखं वाटतं. भाजीवालीकडे तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, आंबट बोरं. घरात रवा भाजल्याचा वास, करंज्यांचं सारण, आईच्या बोटांना लागलेली वेलची. आणि केक. घरी ओव्हन नव्हता. आई पीठ कालवून डब्यात भरायची आणि मी आणि दादा तो डबा घेऊन बेकरीत जायचो. तिथे आमच्यासारख्या सगळ्यांचे डबे एकावर एक लावलेले असत. आपला नंबर येईपर्यंत भट्टीच्या दाराशी उभं राहायचं. तोंडाला धग लागायची आणि पाठीला गार वारा. आगमनाचे दिवस असल्यामुळे बेकरीवाल्याकडे नानकटाई मागता येत नसे. दादा नुसताच तिच्याकडे एकटक बघत उभा राहायचा. बेकरीवाला दोन काढून द्यायचा. त्या संध्याकाळी दादाच्या उपकारात बेकरीवाल्याचं नाव असे, आणि बाबा डोळा न उघडता मान हलवत.

मला आठवतं आहे ते वर्ष मात्र याच्या पुष्कळ नंतरचं. तेव्हा मी ठाण्याला नोकरी करत होते, लग्न ठरायचं होतं. दादा तिशीचा, एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. त्या वर्षी पावसाळ्यात तो शहाडला एका नव्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये, जायला लागला. मार्केटच्या मागे शटर असलेल्या एका गाळ्यात ती भरायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, ड्रमसेट, आणि प्रार्थना अशी की रस्त्यावर ऐकू यावी. बाबा आमच्या देवळाच्या पंचांपैकी. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी चेष्टेवर नेलं. "देव बहिरा झालाय का रे?" दादाही हसायचा. तिथपर्यंत ठीक होतं.

दिवाळीच्या सुमारास दादाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. टिटवाळ्याच्या पुढे, नदीत उभं राहून, पूर्ण बुडी मारून. आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात, आईबाप त्याला हातावर घेऊन उभे राहतात. त्या मंडळीचं म्हणणं, तो बाप्तिस्मा धरायचा नाही, माणसाने स्वतः समजून घेतला तोच खरा. दादा घरी आला तेव्हा त्याचे केस अजून ओले होते. त्याने बाबांसमोर बसून नीट, शांतपणे सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं बाबा वाद घालतील. तो तयारी करून आला होता.

बाबांनी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "मग तेव्हा मी तुला हातावर घेऊन उभा होतो, ते काय होतं?"

दादा उठून ओले केस पुसायला लागला. बाबांनी हा विषय पुन्हा काढला नाही. आठवडाभर त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं एकमेकांना वळसे घालून वावरलो. मग दादाने शहाडला मंडळीतल्या दोन मुलांबरोबर खोली घेतली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. भांडण मिटवता येतं.

नवी मंडळी नाताळही पाळायची नाही. शास्त्रात तारीख कुठे दिली आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दादा नाताळला येण्याचं काही कारणच उरलं नाही. आणि तेवढ्यात आगमन सुरू झालं.

मी दादाला फोन करायचे. घरात मला करू म्हणतात. तो म्हणायचा, "करू, बाबा एकदा 'ये' म्हणाले ना, की मी लगेच येतो. नाताळसाठी नाही येणार. घरी म्हणून येईन. पण त्यांनी म्हणायला पाहिजे." मी बाबांना हे सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "या दिवसांत आपल्याकडे मागत नाहीत हे त्याला माहीत नाही का? एवढी वर्षं या ताटांवर जेवलाय. त्याला दिसायला नको?" मी ते दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "ही सबब आहे." मला दोघांचाही भयंकर राग आला. शेअर रिक्षाने चिकणघर ते शहाड म्हणजे बूड टेकवेपर्यंत उतरायची वेळ येते. तेवढ्या अंतरावर दोन प्रौढ माणसं एकमेकांची वाट बघत बसली होती, आणि दोघांनीही तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

आईने मात्र तिचा मार्ग काढला. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती उपकार मानायची, सगळे नियमात बसणारे. दाराची बेल बिघडली होती, ती इलेक्ट्रिशियन राजूने आज दुरुस्त केली, त्याचे उपकार. शहाडच्या रस्त्यावरचा खड्डा बुजवला, त्या मुकादमाचे, नावानिशी, उपकार. आज बाजारात वांगी चांगली मिळाली, भरल्या वांग्यांजोगी, भाजीवाल्या शकूचे उपकार. भरली वांगी घरात एकच माणूस हौसेने खायचा, आणि तो शहाडला होता.

"हे मागणं आहे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"कुठंय? उपकारच मानले मी."

"अगं, मला कळत नाही का?"

"कळतं ना? मग झालं तर," आई म्हणाली, आणि तिने स्वतःच आमेन म्हणून टाकलं.

दादाचं नाव मात्र त्या सतरंजीवर कुणी घेत नव्हतं. घेता येत नव्हतं. त्या दिवशी ज्याच्या हातून काही मिळालं त्याचंच नाव घ्यायचं, आणि जो घरातच नाही त्याच्या हातून काय मिळणार? नियम असा आम्हालाच चावत होता. बाबांचे स्वतःचे उपकार त्या वर्षी अगदी आखूड झाले होते. पूर्वी ते बोलायला लागले की आमटी गार व्हायची. आता ते दुधवाल्याचं नाव घ्यायचे आणि थांबायचे. मध्ये एक मोकळी जागा राहायची. आम्ही डोळे मिटून त्या जागेत बसून राहायचो आणि बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत असायचा.

मी तेव्हा मनातल्या मनात नियम मोडायचे, हे सांगितलं तर बाबा आता रागावणार नाहीत. मी मागायचे. ठाण्याला ऑफिसात, जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत. त्याला पाठव, नाहीतर यांना बोलायला लाव, दोघांपैकी एकाला तरी वाकव. उपकार मानून माणूस शांत होतो असं हल्ली सगळे सांगतात. आमच्या ऑफिसातून तर सकाळी सकाळी तसा मेल येतो, फुलांच्या चित्रासकट. माझा अनुभव निराळा आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी मिळालेलं एकेक मोजून सांगावं लागतं, तिथे न मिळालेलं काय आहे ते फार स्पष्ट दिसायला लागतं. मागून टाकलं की मन हलकं होतं, दुसऱ्यावर ओझं टाकल्यासारखं. मागायचं नाही म्हटलं की ते आपल्याजवळच राहतं आणि रोज थोडं वाढतं. बाबांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, माहीत होतं. वाट पाहणं म्हणजे तेच असावं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात बाबा उल्हासनगरला देवळात टांगायच्या चांदण्यांसाठी कागद आणायला गेले होते. परत आले ते नेहमीपेक्षा उशिरा. हातपाय धुतले, कागद कपाटावर ठेवला, सतरंजीवर येऊन बसले. माझं झालं, आईचं झालं. मग बाबांनी घसा साफ केला.

"आज शहाडला सुधीर दिसला," ते म्हणाले. "रिक्षा थांबली होती, शटर उघडं होतं. टाळ्या वाजवत होता. अंगाने थोडा भरलाय. बरा दिसला. आज तो दिसला, त्याबद्दल सुधीरचे उपकार."

आईने पदर तोंडाला लावला. मी डोळे उघडले, तर बाबांचे मिटलेले होते, आणि ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ते उतरले नव्हते. हाक मारली नव्हती. हाक मारणं म्हणजे मागणं झालं असतं. नुसते रिक्षात बसून जेवढं दिसलं तेवढं घेऊन घरी आले होते.

जेवण झाल्यावर मी गॅलरीत जाऊन दादाला फोन केला. म्हटलं, "आज बाबांनी तुझे उपकार मानले."

"माझे? मी काय केलं?"

"दिसलास."

  दादा म्हणाला, "ठेवतो," आणि त्याने ठेवला.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. आई शहाडला दादाकडे असते, त्याच्या मंडळीतल्या खुर्चीवर बसून तिच्या सुरात जुनी गाणी म्हणते आणि ड्रम वाजवणाऱ्या मुलांना ताल शिकवते. मी ठाण्यात कोलशेतला आहे, वरच्या मजल्यावर. सकाळी खाडीवर धुकं असतं आणि रियाची स्कूल बस त्यातून पिवळा दिवा लावून येते. काल रात्री जेवताना मी आमच्या ताटांचा जुना नियम पाळला. पेल्यात पाणी घेतलं नाही आणि बसले. रिया पोळीचा रोल करून कार्टून बघत होती, नवरा ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर देत होता. सकाळी लवकर निघालं नाही तर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला होतं, अशी तक्रार त्याने केली, ती बहुधा माझ्याकडे. माझा पेला रिकामाच होता. मी भाजी संपवली, भात संपवला. घशाला कोरड पडली, पण उठून पाणी घ्यायचं नाही असा हट्टच धरला. कुणी पाहिलं नाही. यात त्यांची चूक नाही. पाहायची सवय लागावी लागते, आणि ती मला जिथे लागली तिथे बसायला जागाच कमी होती, एकमेकांचं ताट दिसल्यावाचून राहायचं नाही.

तेव्हा मला बाबा इतके हवे होते, की काय सांगू. आणि हे असं हवंपण आहे, की आगमन असो वा नसो, ते मागता येत नाही. मागायचं कुणाकडे आणि काय म्हणून? झोपायच्या आधी रियाला जवळ घेऊन मी विचारलं, आज काय मिळालं, कुणी दिलं? ती विचार करून म्हणाली, "लिफ्टवाले अंकलने माझ्यासाठी लिफ्ट थांबवली." मी म्हटलं, नाव काय त्यांचं? तिला माहीत नव्हतं. उद्या विचारते म्हणाली.

रिक्षातून बाबांना दादा दिसला त्या वर्षी नाताळ आला आणि गेला. देवळात बाबांनी पंचांच्या रांगेत उभं राहून सगळी गाणी म्हटली. लोकांनी विचारलं, सुधीर दिसत नाही? "शहाडला असतो," बाबा म्हणाले, जसं कुणी अमेरिकेला असतो म्हणावं. घरी करंज्यांची ताटं शेजाऱ्यांकडे गेली आणि त्यांचे डबे भरून परत आले. भोईर काकू येऊन बसल्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. दादा पेरूंची पिशवी घेऊन उभा होता. माझ्याकडे न बघता, आत बाबा बसले होते त्या दिशेला जरा मोठ्याने म्हणाला, "नाताळ संपला ना? मग आलो."

आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने नुसताच गॅस पेटवला, त्याच्यावर काही ठेवलंच नाही. मग भानावर येऊन भराभर वाढायला लागली. दादा जेवला. त्याच्या ताटात काही संपू दिलं नाही आम्ही, पण बोलणं असं झालं नाही. आईने लॅबचं विचारलं. त्याने पेरू गोड आहेत म्हणून सांगितलं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून त्याला जेवताना बघत होते. आता मागायला मोकळीक होती, दिवस संपले होते. पण इतके आठवडे गिळलेलं बोलणं एकदम तोंडात येत नाही. दादाने हात धुतले, घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आता हा निघणार आणि सगळं पुन्हा तिथेच राहणार.

"सुधीर," बाबा म्हणाले. "तुमच्या मंडळीत आजाऱ्यासाठी प्रार्थना करता ना तुम्ही?"

"करतो."

"हात ठेवून?"

"हो."

"माझा गुडघा फार दुखतो रे," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी करशील?"

बाबांनी दादाकडे काही मागितलेलं तोपर्यंत मी कधी ऐकलं नव्हतं, कुठल्याच महिन्यात. दादानेही ऐकलं नसावं.  हातातला टॉवेल नीट घडी करून त्याने खुर्चीच्या पाठीवर ठेवला, बाबांच्या समोर आला आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले, दोन्ही.

"हे प्रभू!" दादाने गाळ्यातल्या आवाजात सुरुवात केली. भांड्यांच्या फळीवर काहीतरी किणकिणलं. शेजारी भोईर काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला. आणि तिथेच तो अडकला.  आम्ही वाट बघत राहिलो. मग तो बोलायला लागला, तो अगदी खाली, सतरंजीवर बसून बोलायचा त्या आवाजात.

आज करूने दार उघडलं, तिचे उपकार. आईने वाढलं, आईचे उपकार. रिक्षावाल्या सलीमभाईंनी गल्लीत आत आणून सोडलं, त्यांचे उपकार. असं एकेक नाव घेत तो गेला. गुडघ्याचं त्याने काढलंच नाही. बरं कर, ताकद दे, असं काहीही मागितलं नाही. शेवटी म्हणाला, "मला काही कळत नव्हतं तेव्हा हे मला हातावर घेऊन तुझ्यासमोर उभे राहिले. त्याबद्दल माझ्या बाबांचे उपकार."

आमेन आम्ही सगळ्यांनी म्हटलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंनीसुद्धा. दादा हात उचलायला गेला, तर तो उचलला जाईना. बाबांनी आपले दोन्ही हात वर नेऊन त्याचा तळवा डोक्यावर तसाच दाबून धरला होता.

"अजून थोडा वेळ राहू दे," ते म्हणाले.